नाताळ नको, मे महिना धरा: गोव्याहून शाळकरी मुलांसह कॅरिबियन क्रूझची आखणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघे, आठवीतली तेरा वर्षांची मुलगी, चौथीतला नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या आई अशी म्हापशाची पाच माणसे नाताळच्या सुट्टीत सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझला जाऊ इच्छिता. जहाज कोणते घ्यावे, ही तुमची विचारणा. तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) भाऊ रजेवर असला तर तोही येईल आणि त्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आधीपासून आहे, असे तुम्ही लिहिले आहे.

जहाजाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवतो. गोव्याहून निघणाऱ्या कुटुंबाची सहल जहाज चुकीचे निवडल्याने क्वचितच फसते. ती फसते तारखा आणि व्हिसा यांच्यापायी. या दोन गोष्टी जुळल्या की मोठ्या कंपन्यांपैकी कोणतेही मध्यम वयाचे जहाज मुलांना आनंदच देईल.

आधी दिवस मोजू. या सहली बहुतेक फ्लोरिडातून सुटतात. मायामी, फोर्ट लॉडरडेल आणि ओरलँडोजवळचे पोर्ट कॅनाव्हरल ही तिथली तीन मुख्य बंदरे. जहाज रविवारी सुटणार असेल तर शुक्रवारी तिथे पोचलेले बरे, कारण एखादे विमान चुकले किंवा बॅग मागे राहिली तरी जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणजे घरून गुरुवारी निघायचे. शुक्रवारी पोचून शनिवारी विश्रांती, रविवारी जहाज, पुढच्या रविवारी उतरून त्याच संध्याकाळी परतीचे विमान, आणि सोमवारी रात्री किंवा मंगळवारी घर. हे झाले तेरा दिवस. गोव्यातल्या शाळांची नाताळची सुट्टी यात बसत नाही. शिवाय नाताळ आणि नववर्षाचे आठवडे या समुद्रात वर्षातले सर्वांत महाग असतात. अमेरिकेतल्या शाळाही तेव्हा बंद असल्याने जहाज मुलांनी खच्चून भरलेले असते.

म्हणून मी मे महिना सुचवतो, त्यातही पहिले तीन आठवडे. वरच्या इयत्तांचे वर्ग आता गोव्यात एप्रिलमध्येच सुरू होत असले तरी मे मोकळा असतो. अमेरिकेत मात्र बहुतेक शाळा मेच्या अखेरपर्यंत किंवा जूनपर्यंत चालतात, त्यामुळे भाडे उतरलेले असते आणि घसरगुंडीपुढची रांगही लहान असते. वादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरतात आणि मे त्याच्या अलीकडे पडतो. मेचा शेवटचा सोमवार ही अमेरिकेची मोठी सुट्टी आहे. त्या आठवड्यापासून भाडे पुन्हा चढते, तेवढा टाळा.

मे निर्दोष नाही, तेही सांगतो. दुपारी पावसाच्या सरी येतात. आणि सारगॅसम नावाचे तपकिरी समुद्री शेवाळ उन्हाळ्यात पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर ढिगाने साचते. मेक्सिकोतल्या कोस्टा माया बंदराला त्याचा त्रास जास्त होतो. कोझुमेल बेटाची बंदराची बाजू पश्चिमेला असल्याने तिथे तो बराच कमी असतो. बंदरांची यादी पाहताना हे ध्यानात ठेवा.

दिवाळीची सुट्टी हा दुसरा पर्याय. दिवस पुरतात, भाडेही बरे असते, पण वादळांचा हंगाम संपलेला नसतो. मोठी जहाजे वादळाच्या अंगावर जात नाहीत, ती मार्ग बदलतात. तेव्हा जमैकाऐवजी बहामा दिसले तरी चालेल अशी मनाची तयारी असेल तर दिवाळीही ठीक. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर येत असेल त्या वर्षी मात्र थांबा. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत वादळी असतो.

आता व्हिसा. फ्लोरिडातून जहाज पकडायचे म्हणजे अमेरिकेचा बी-1/बी-2 (पाहुण्यांचा) व्हिसा हवाच, मुलांनाही. जहाज अमेरिका सोडून परत तिथेच येते, म्हणून तो अनेक प्रवेशांचा लागतो. भारतीयांना तो सहसा दहा वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचाच मिळतो. प्रत्येकाचा वेगळा डीएस-160 हा ऑनलाइन व्हिसा अर्ज, माणशी 185 डॉलर फी (नाकारला तरी परत नाही) आणि भेटीच्या वेळा मुंबईला. चौदा वर्षांखालच्या मुलांना पूर्वी मुलाखतीतून सहज सूट मिळे. 2025 मध्ये ती सवलत आखडली, त्यामुळे सगळ्या कुटुंबाला मुंबईला जावे लागेल असेच धरा. मुलाखतीच्या तारखेसाठी कित्येक महिने थांबावे लागू शकते. म्हणून पुढच्या मेसाठी आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्येच अर्ज भरायला बसा.

अर्जाआधी पासपोर्ट उघडून तीन गोष्टी तपासा. पहिली, मुदत. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. घरी परतण्याच्या तारखेनंतर किमान सहा महिने तो चालू हवा. नूतनीकरण करायचे असेल तर व्हिसाच्या आधी करा. व्हिसा जुन्या पासपोर्टात राहिला तरी चालतो, पण मग दोन्ही पुस्तिका सोबत न्याव्या लागतात. दुसरी, नाव. जुन्या पासपोर्टांत, विशेषतः आईंच्या पिढीच्या, आडनावाचा रकाना कधी कोरा असतो. मग अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (‘पहिले नाव अज्ञात’) ही अक्षरे येतात आणि विमान व जहाजाच्या तिकिटांवर घोळ होतो. हे आधीच दुरुस्त करून घ्या. तिसरी, जन्मतारीख. मुलांचे गट आणि भाडे वयावर ठरते, आणि प्रवासाच्या दिवशीचे वय धरतात.

गोव्यात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला तुमच्या भावाचा. तारवटींकडे असतो तो सी-1/डी व्हिसा, जहाजावर नोकरीला रुजू होण्यासाठी. प्रवासी म्हणून फिरायला तो चालत नाही. त्याच्याकडे वेगळा बी-1/बी-2 आहे का, हे त्याला आताच पासपोर्ट उघडून पाहायला सांगा. दुसरा प्रश्न पोर्तुगीज पासपोर्टचा. घरातल्या कोणाकडे तो असेल तर त्या व्यक्तीला व्हिसाऐवजी ऑनलाइन ईएसटीए परवानगी पुरते. पण ती त्या व्यक्तीपुरतीच. भारतीय पासपोर्ट असलेल्या पत्नीला किंवा मुलांना ती लागू होत नाही. शिवाय परत येताना अशा व्यक्तीकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे ओळखपत्र) हातात हवे.

वाटेतल्या बेटांचे काय? पोर्तो रिको आणि सेंट थॉमस ही अमेरिकेचीच भूमी. मेक्सिको वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयांना वेगळा व्हिसा मागत नाही. जमैकाला पर्यटनासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. इतर प्रत्येक बंदराबद्दल पैसे भरण्याआधी जहाज कंपनीकडून भारतीय पासपोर्टसाठीचा नियम लेखी मागून घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका, कारण कागद अपुरा निघाला तर कंपनी तुम्हाला धक्क्यावरूनच परत पाठवते आणि पैसेही परत मिळत नाहीत.

एका आरोग्य नियमाकडे फार लोकांचे दुर्लक्ष होते. दक्षिणेकडचे मार्ग कधी कोलंबियातले कार्ताहेना, पनामा किंवा त्रिनिदाद इथे थांबतात. हे देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात पोचलात आणि लशीचा दाखला नसला तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. आदिस अबाबामार्गे स्वस्त विमान घेतले तरी हाच प्रश्न उभा राहू शकतो, कारण इथिओपियाही त्या यादीत आहे. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो आणि जन्मभर चालतो. गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात ही लस देतात, तारवटींना ती जागा ठाऊक असते. साठीच्या पुढे या लशीचा धोका वाढतो, म्हणून आई सोबत असताना अशा मार्गाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

पैसे कोणत्या क्रमाने अडकवायचे ते आता एका दमात सांगतो. मे-जूनमध्ये पासपोर्ट आणि व्हिसा अर्ज. त्याच सुमाराला परत मिळणारी अनामत देऊन केबिन राखून ठेवा. सर्वांत स्वस्त दराची अनामत बहुधा परत मिळत नाही, व्हिसा हातात येईपर्यंत ती घेऊ नका. पूर्ण रक्कम साधारण तीन महिने आधी भरायची असते. तोवर भाडे उतरले तर कमी करून मागता येते, त्यामुळे महिन्यातून एकदा पाहत जा. व्हिसा आल्यावर विमान, आणि विमानाबरोबर विमा. भारतातून टूर पॅकेज घेतल्यास टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने बिलातच आगाऊ घेतलेला कर, कापतात. तो आयकर विवरणात वळता करता येतो, म्हणून जे नियमित विवरण भरतात त्यांच्याच पॅनवर बिल घ्या.

विमानाबाबत माझा आग्रह एकच, सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. गोव्याच्या मोपा विमानतळाहून दोहा आणि तिथून थेट मायामी असे एकत्र मिळाले तर मुलांना आणि आईंना सर्वांत सुखाचे. अमेरिकेतच दुसरे विमान बदलणार असाल तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन होते, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. त्यासाठी साडेतीन-चार तास ठेवा. मेमध्ये फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. पहिल्या दोन-तीन रात्री मुले पहाटे तीनला टक्क जागी होतील. शनिवारचा मोकळा दिवस त्यासाठीही लागतो.

केबिनचा विचार मात्र सावकाश करा. पाच जणांना दोन केबिन लागतील, दोन अधिक तीन. भाऊ आला तर तीन-तीन. भाडे केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण आणि तिसऱ्या-चौथ्याला सहसा कमी असते, पण बंदर कर आणि सेवाशुल्क डोईमागे सारखेच. प्रत्येक केबिनच्या नोंदीत एक प्रौढ लागतो. त्यामुळे एकीत आई आणि नात, दुसरीत तुम्ही दोघे आणि मुलगा, हे साधे गणित. आतून दार जोडलेल्या केबिन थोड्याच असतात आणि लवकर संपतात. तीन-चार जणांच्या केबिनही लवकर जातात, कारण जीवरक्षक नौकांच्या क्षमतेनुसार जहाजाच्या प्रत्येक भागात किती माणसे ठेवायची यावर मर्यादा असते. एखादी चौघांची केबिन रिकामी दिसूनही तिघांना न मिळण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

दोन्हींना बाल्कनी परवडत नसेल तर एक बाल्कनीची आणि तिच्यासमोरची एक खिडकी नसलेली आतली घ्या. बाल्कनीची आईंना द्या. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की मिट्ट काळोख असतो आणि वयस्कर माणूस रात्री उठताना अडखळते. मुलांना त्या काळोखात उलट छान झोप लागते. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असली तर हेलकावे कमी जाणवतात. नकाशावर वरचा मजला पाहा. डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा नाचाचा हॉल असलेली केबिन नको, वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर केबिनच असलेली निवडा. कोणाला बोट लागते का हे ठाऊक नसेल तर आधी मुंबई-गोवा क्रूझचे एखाद-दोन रात्रींचे तिकीट काढून पाहा. गोळी बालरोगतज्ज्ञाला विचारून, वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेऊन न्या.

मार्ग निवडताना एक गोष्ट विसरू नका. गोव्याच्या मुलांना वाळू आणि नारळ नवे नाहीत. प्रत्येक बंदरात किनाराच केला तर तिसऱ्या दिवशी ती कंटाळतील. त्यांना जे घरी दिसत नाही ते दाखवा. पश्चिमेकडच्या मार्गावर कोझुमेलला प्रवाळावरचे नितळ पाणी आहे, काठाजवळ स्नॉर्केलिंग करूनही रंगीत मासे दिसतात. त्याच बेटावर सान हर्वासियो हे माया लोकांचे जुने ठाणे आहे, अर्ध्या दिवसात बघून होते. तुलुमचे अवशेष जास्त प्रसिद्ध, पण कोझुमेलहून तिथे जायला फेरीबोट आणि पुढे बस, येऊन-जाऊन सारा दिवस. नऊ वर्षांच्या मुलाला आणि आईंना ते झेपणार नाही. जमैकात ओचो रिओसला थांबा असेल तर डन्स रिव्हरचा धबधबा पायऱ्यापायऱ्यांनी चढता येतो, पाण्यात घालायचे बूट मात्र हवेत. तिथे भाजलेला नीरफणस मिळाला तर मुलांना जरूर चाखवा. आपल्या कुळागरातले (बागायतीतले) हे फळ पॅसिफिकमधून 1793 मध्ये जमैकाला पोचले.

पूर्वेकडच्या मार्गावर पोर्तो रिकोतले सान हुआन लागते. 1539 मध्ये बांधायला घेतलेला एल मोरो किल्ला धक्क्यापासून चालत गाठता येतो. गोव्यातला आग्वादचा किल्ला पाहिलेल्या मुलांना स्पॅनिश आणि पोर्तुगीज किल्ल्यांतला फरक स्वतः शोधू द्या.

आईंसाठी बंदराचा प्रकारही पाहा. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी इथे मोठे जहाज सहसा समुद्रातच उभे राहते आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकावे लागते. गुडघे दुखत असतील तर थेट धक्क्याला लागणारी बंदरे निवडा.

मुलांचे क्लब कंपनीनुसार बदलतात. कार्निव्हलवर 9 ते 11 चा एक गट आणि 12 ते 14 चा वेगळा, म्हणजे तुमची भावंडे वेगवेगळ्या खोल्यांत जातील. पहिल्या संध्याकाळी दोघांनाही तिथे नेऊन बसवा. गट पहिल्याच रात्री जमतात, तिसऱ्या दिवशी गेलेल्या किशोरवयीन मुलीला उपरे वाटते. काही जहाजांवर नऊ वर्षांवरील मूल पालकांच्या संमतीने एकटे क्लबमधून बाहेर पडू शकते. मी ती संमती निदान पहिले दोन दिवस देऊ नका म्हणेन, जहाजाचे मजले ओळखीचे होईपर्यंत. खेळांना उंचीची अट असते. रॉयल कॅरिबियनच्या फ्लोरायडर या कृत्रिम लाटेवर पालथे झोपून जायला 132 सेंटिमीटर आणि उभे राहायला 147 लागतात. मुलाला घरी भिंतीशी उभे करून मोजा आणि न जमणारे आधीच सांगून टाका. पायमोजे भरपूर न्या, स्केटिंग आणि चढाईच्या भिंतीला ते लागतात. तलावावर जीवरक्षक असेलच असे धरू नका. पाण्यापाशी घरचे एक माणूस सतत हवे, हातात मोबाइल न घेता.

जेवणाची काळजी तुम्ही जास्त करता आहात. आईंचे शाकाहारी बुकिंगमध्येच नोंदवा आणि पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहातल्या प्रमुख वाढप्याला भेटा. डाळ-भात, भाजी अशी भारतीय शाकाहारी थाळी अनेक जहाजांवर आदल्या दिवशी सांगितली तर करून देतात. अंडे चालते की नाही हे स्पष्ट सांगा, त्यांच्या शाकाहारात ते धरलेले असते. चकल्या, लाडू बंद पाकिटात न्या आणि अमेरिकेत उतरताना जाहीर करा. मेमध्ये हात शिवशिवतील, पण मानकुराद आंबे नेऊ नका. ताजी फळे आणि गोव्याची सॉसेजेस दोन्ही तिथे अडवतात. विजेची किटली, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर चढतानाच काढून घेतात.

भाड्याबाहेरचा खर्च कागदावर मांडा. सेवाशुल्क माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर, मुलांचेही. पाच जणांचे सात दिवसांचे 560 ते 700 डॉलर झाले. त्यावर इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली आणि शीतपेये. पाणी, लिंबू सरबत, चहा सहसा भाड्यातच असतात, मुलांसाठी पेयांचे पॅकेज घेऊ नका. खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडले तर रोज रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात. जहाज सुटताच सगळे फोन एअरप्लेन मोडवर टाका, जहाजाच्या नेटवर्कवरचे रोमिंग फार महाग पडते. विमा अमेरिका धरून, क्रूझ धरून आणि समुद्रातून रुग्ण हलवण्याचा खर्च धरून घ्या. आईंचे जुने आजार लपवू नका, दावा तिथेच अडतो.

कपड्यांबद्दल एवढेच: मुलांचे लष्करी ठिपक्यांचे टी-शर्ट, टोप्या घरी ठेवा. जमैका, बार्बाडोससह अनेक बेटांवर सामान्य माणसाने, मुलांनीही, ते घालणे बेकायदा आहे. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचे घ्या. प्रवाळाला अपाय करणारी काही रसायने सेंट थॉमस आणि शेजारच्या अमेरिकी बेटांवर बंद आहेत. जेवणाआधी हात साबणानेच धुवायला लावा. जहाजावर पोटाचे आजार पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

किनाऱ्यावर उतरताना घड्याळाची एक गफलत होते, ती नीट समजून घ्या. मेमध्ये फ्लोरिडाचे घड्याळ एक तास पुढे असते. कोझुमेल, जमैका, केमन इथे तसा बदल नाही, म्हणून ती एक तास मागे. जहाज बरेचदा फ्लोरिडाचीच वेळ ठेवते, फोन मात्र स्थानिक वेळेवर जातो. फोनवर साडेतीन दिसतात तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात आणि फळी उचलायची तयारी सुरू असते. सगळ्यांच्या मनगटावर साधी घड्याळे बांधा, जहाजाच्या वेळेवर लावलेली, आणि सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी परता. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतः घेतलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही, मग पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते.

आता जहाज. वरचे सगळे ठरल्यावर तुमच्या तारखेला, धक्क्याला लागणाऱ्या बंदरांचा मार्ग असलेली दोन-तीनच जहाजे उरतील. त्यांतले सर्वांत नवे आणि सर्वांत मोठे घेण्याची गरज नाही. आईंना चालायला कमी आणि दोन्ही मुलांना वेगळे क्लब असलेले घ्या.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. औषधे, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे त्यांत जाऊ देऊ नका. उतरायला नऊ-दहा वाजतात, म्हणून परतीचे विमान दुपारी एकच्या आधीचे नको. आणि सगळा आराखडा असा बसवा, की घरी पोचल्यावर शाळा उघडण्याआधी मुलांना झोप भरून काढायला चार दिवस उरतील.